कुजबुजबाईंची उत्तरं

नाटक कंपनीत बाईंना स्वतःचं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटावर. एरवी सगळ्यांच्या तोंडी कुजबुजबाई. रंगमंचाच्या डाव्या विंगेत एक बुटकं स्टूल, स्टुलावर बाई, मांडीवर नाटकाची वही, वहीवर पुठ्ठ्याची टोपी घातलेला पिवळट दिवा आणि ओळीवर बोट. पलीकडे उजेडात राजे, राण्या, वकील, खुनी, सासवा बोलत असायचे आणि बाई बोटाने त्यांच्या मागोमाग चालत असायच्या. कुणी अडखळलं की पुढचा शब्द बाईंच्या ओठांतून निघायचा तो बरोब्बर त्याच्याच कानात जाऊन पडायचा. पहिल्या रांगेलासुद्धा पत्ता लागायचा नाही.

एकदा राजाचं काम करणारे थोरले नट ऐन दरबारात गप्प झाले ते झालेच. बाईंनी शब्द दिला, परत दिला, तिसऱ्यांदा तर ओरडायच्याच बेतात होत्या, तेव्हा कुठे राजेसाहेबांनी तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी पेपरात त्या शांततेचं कौतुक छापून आलं. राजेसाहेब पेपर घेऊन विंगेत हजर.

"बाई, ही जागा आता कायम ठेवायची हं."

"ठेवा की. फक्त मला आधी सांगत जा, माझा जीव जायचा राहिलाय काल."

त्या कामाचा एक नियम होता. समोरचा बोलतोय ते आणि वहीतलं जुळेनासं झालं, तर आधी आपलं बोट तपासायचं. नट भरल्या थिएटरसमोर उभा असतो, त्याच्यावर संशय घेत बसायला वेळ कुठला! आपलंच बोट सरकलं असेल, पान चिकटलं असेल, ओळ सुटली असेल. बहुतेक वेळा तसंच निघायचं. हा नियम बाईंना कुणी शिकवला नव्हता, तो अंगात मुरत गेला. आणि सत्तरी उलटल्यावर त्याच नियमाने त्यांचा घात केला.

चिमणी ही बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर पहिलीत होती. बाईंनी तिला घरी आणलं आणि घर म्हणजे काय, तर निम्मं घर विंगेतच. कपड्यांच्या पेटाऱ्यावर शाल टाकून चिमणी झोपायची. स्टेजवर तलवारी खणखणल्या तरी तिची झोप मोडायची नाही, पण टाळ्या वाजल्या की दचकून उठायची आणि विचारायची, "मावशी, संपलं का? घरी जायचं?" अशी ही मुलगी शिकली, मोठ्या ऑफिसात लागली, चांगल्या हुद्द्यावर गेली आणि दोन गल्ल्या सोडून राहू लागली. लग्न केलं नाही. "तुझ्याकडे बघूनच कंटाळा आला संसाराचा," असं ती मावशीला चिडवायची. "माझा संसार तूच होतीस गं बये," असं मावशी तिला ऐकवायची.

बाईंचा कॉम्प्युटर हा चिमणीचाच पराक्रम. तिने बाईंचं अकाउंट उघडून दिलं, त्यावर नाव घातलं 'मावशी'. स्वतःच्या अकाउंटवर घातलं 'चिमणी'. शिवाय लायब्ररीत ज्येष्ठांसाठी चालणाऱ्या वर्गात बाईंचं नाव घालून आली.

त्या वर्गाची मजा काय सांगावी! शिकवणाऱ्या मॅडमनी एक सरावाचा अर्ज बनवला आणि त्याची लिंक सगळ्यांना पाठवली. "प्रत्येकाने आपापली प्रत काढायची आणि मग भरायची," असं त्या दोनदा म्हणाल्या. ऐकतंय कोण! सगळ्यांनी एकच कागद उघडला आणि सगळे त्यातच लिहायला बसले. स्क्रीनवर रंगीबेरंगी खुणा नाचायला लागल्या, प्रत्येक खुणेवर लिहिणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी.

"अहो, माझ्या नावावर कोण चढलंय?" निवृत्त बस ड्रायव्हरकाका ओरडले.

"मी कशाला चढू? तुम्हीच माझ्या गुडघ्यात शिरलाय!" हा आवाज नर्सबाईंचा. त्या बाईंच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायच्या. वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारून मारून आवाज असा कमावलेला, की त्यांनी हळू बोलायचं ठरवलं तरी रस्त्यावरचा माणूस थांबायचा.

शेवटी अर्ज तयार झाला तो एका अजब प्राण्याचा. वय ड्रायव्हरकाकांचं, गुडघे नर्सबाईंचे आणि छंद कुजबुजबाईंचे. मॅडमनी कपाळाला हात लावला. बाई मात्र त्या नाचणाऱ्या खुणांकडे बघतच राहिल्या. एका कागदावर इतकी माणसं एकदम, आणि कोण कुठे आहे ते दिसतंय! विंगेत हे असतं तर काय बहार झाली असती.

पुढे खरा अर्ज आला. महापालिकेच्या ज्येष्ठ सेवेचा. बाईंचा डावा गुडघा कुरकुरायला लागला होता, भाजीची पिशवी तिसऱ्या मजल्यावर चढवताना धाप लागायची. घरी मदतनीस यावी, दवाखान्यात न्यायला गाडी मिळावी, एवढंच त्यांना हवं होतं. अर्ज मात्र सगळ्याच सेवांचा एक होता. वरकामाच्या मदतीपासून थेट वृद्धांच्या निवासापर्यंत. उत्तरांवरून ऑफिस ठरवणार, माणसाला घरी मदत पाठवायची की माणसालाच उचलून निवासात न्यायचं. जवळच्या नातेवाइकाबरोबर तो ऑनलाइन शेअर करायचा, दोघांनी मिळून महिनाभरात पुरा करायचा आणि अर्जदाराने आपल्या अकाउंटवरून पाठवायचा.

"मी वेगळी प्रत काढते माझ्यासाठी, त्यात खुणा करते," चिमणी म्हणाली होती.

"छे! वही एकच पाहिजे. दोन वह्या झाल्या की नाटक झोपलं. तू याच्यातच लिही. माझं शुद्धलेखन तेवढं बघ."

आणि बाईंनी तिला सगळी परवानगी देऊन टाकली.

उत्तरं लिहायला बाईंना फार आवडलं. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं जपली, आता कुणीतरी त्यांना त्यांचं विचारत होतं. पायऱ्या चढता येतात का? 'येतात. दुसऱ्या मजल्यावर थांबते. तिथे खिडकी आहे, शाळेचं मैदान दिसतं, म्हणून जरा जास्तच थांबते.' गॅस बंद करायला विसरता का? 'एकदा विसरले. भांडं करपलं. मी नाही.' एकट्याने राहायला अडचण वाटते का? 'मुळीच नाही. मला माझी सोबत चांगली आहे.'

चार दिवसांनी अर्ज पुन्हा उघडला तर गॅसच्या प्रश्नाखाली लिहिलेलं होतं : 'हो, वारंवार विसरते.'

बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. आपण असं लिहिलं? करपलेल्या भांड्याचं वाक्य तर अजून ओठांवर होतं. पण कागदावर नव्हतं. वहीत एक आणि कानात एक. बाईंनी आधी आपलं बोट तपासलं. कीबोर्डवर काहीतरी भलतंच दाबलं गेलं असेल. किंवा मनात वेगळं आणि हातून वेगळं. त्यांनी ते पुसून आपलं वाक्य परत लिहिलं. पुढच्या आठवड्यात ते परत गेलेलं. पायऱ्यांची खिडकीही गेलेली. तिथे नुसतं 'चढवत नाहीत.'

रविवारी चिमणी आली तेव्हा बाईंनी चहा ढवळता ढवळता विचारलं, "चिमणे, अर्जात मी असं लिहिलं होतं का गं? वारंवार विसरते म्हणून?"

चिमणीने कप उचलला, फुंकर मारली.

"लिहिलं असशील, मावशी. हल्ली होतं तुझं असं."

"हल्ली म्हणजे? आणखी काय केलं मी?"

"बारीकसारीक गं. मी बोलून नाही दाखवत."

एवढंच. पण बाईंना तेवढं पुरलं. बोलून दाखवत नाही म्हणजे बोलण्यासारखं बरंच असणार! त्या दिवसापासून गॅसची कळ त्या पुन्हा पुन्हा फिरवून बघू लागल्या. दाराला कुलूप लावून जिना उतरायच्या, परत चढायच्या, कुलूप ओढून बघायच्या. गोळी घेतली की रिकामं पाकीट मुठीत धरून बसायच्या, पुरावा म्हणून. चिमणी यायची, मुठीतलं पाकीट बघायची आणि दुसरीकडे बघायची.

लायब्ररीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांचं एक नाटक बसत होतं. प्रॉम्प्टिंग अर्थातच बाईंकडे. त्या दिग्दर्शकांकडे गेल्या आणि वही त्यांच्या हातात ठेवली.

"माझा आता भरवसा नाही. उगाच ऐनवेळी कुणाचा तरी पचका व्हायचा."

"बाई, काय बोलताय! तुम्हाला वही लागत नाही हो अजून."

"तुम्हाला तसं वाटतं. घरच्या माणसाला जास्त कळतं."

जागा नर्सबाईंना मिळाली. त्यांनी दिलेला शब्द नटाच्या आधी प्रेक्षकांना ऐकू जायचा. तालमीत हसून हसून लोकांची मुरकुंडी वळायची. बाई मागच्या खुर्चीवर बसून हसायच्या, मग लवकर घरी जायच्या.

अर्ज पाठवायची मुदत जवळ आली. वर्ग एरवी संध्याकाळी असायचा, पण त्या संध्याकाळी खोलीला रंग द्यायचा होता म्हणून मॅडमनी सगळ्यांना दुपारी बोलावलं. चिमणीला हे माहीत असायचं कारण नव्हतं. बाईंनी लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर आपला अर्ज उघडला. पाठवण्याआधी मॅडमना एकदा दाखवावा म्हणून. उघडताच त्यांचा चेहरा खुलला. कागदावर एक हिरवी खूण होती आणि तिच्या डोक्यावर चिठ्ठी, 'चिमणी'.

"बघा, बघा," त्या शेजारी बसलेल्या नर्सबाईंना म्हणाल्या, "आमची चिमणी आलीय. ऑफिसातून वेळ काढून माझं शुद्धलेखन बघतेय बिचारी."

खूण खाली सरकली. एकटेपणाच्या प्रश्नापाशी थांबली. 'मला माझी सोबत चांगली आहे,' या वाक्याच्या शेवटाला जाऊन चिकटली आणि अक्षरं मागून एकेक करून नाहीशी व्हायला लागली. आहे गेलं. चांगली गेलं. सोबत गेलं. जागा कोरी झाली. मग त्याच जागेवर नवी अक्षरं उमटू लागली.

नर्सबाईंचे डोळे अधू, पण आवाज शाबूत. त्या स्क्रीनवर वाकून वाचत गेल्या आणि सगळ्या वर्गाने ऐकलं, "मला एकटीने... राहायची... भीती वाटते. मला... निवासात... जायची इच्छा आहे. अगं बाई! तुम्ही चाललात की काय? आणि एवढं भराभर टाइप कधीपासून करायला लागलात?"

"मी नाही करत," बाई म्हणाल्या. "माझे हात मांडीवर आहेत."

नर्सबाईंनी बाईंच्या हातांकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे. ड्रायव्हरकाका वळून बघायला लागले तेव्हा नर्सबाईंनी आपला रुंद पंजा स्क्रीनवर पसरून धरला आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाल्या, "नका वाचू, बाई."

"हात काढा. मला वाचू द्या."

बाईंनी सगळं वाचलं. गॅस, पायऱ्या, गोळ्या, भीती. सगळीकडे 'मी' होतं आणि एकही शब्द त्यांचा नव्हता. जन्मभर त्यांनी अडलेल्या माणसाच्या तोंडात त्याचेच शब्द परत घातले होते. कुणाच्या तोंडात खोटं वाक्य कधी दिलं नव्हतं. आणि हे त्यांच्याच तोंडात घातलेलं. घालणारी कोण, तर पेटाऱ्यावर झोपणारी ती पोर.

मग त्यांनी उजव्या हाताचं एक बोट उचललं आणि हिरव्या खुणेच्या खालच्या ओळीवर अक्षर अक्षर शोधत लिहिलं : 'चिमणे, माझं बोट सरकलं नव्हतं.'

हिरवी खूण जागच्या जागी थांबली. लुकलुकत राहिली. मग दिसेनाशी झाली.

संध्याकाळ व्हायच्या आत चिमणी आली. ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात. दार उघडंच होतं. बाई खुर्चीवर बसल्या होत्या. चहा ठेवलेला नव्हता.

"मावशी, मला दुसऱ्या शहरातली जागा मिळालीय. मुख्य ऑफिसात. पुढच्या महिन्यात जायचंय."

"मग जा की."

"तुला टाकून कशी जाऊ?"

"म्हणून मला खुळी ठरवून जाणार होतीस?"

"खुळी नाही गं! निवासात रात्रंदिवस माणसं असतात, डॉक्टर असतात. मी स्वतः जाऊन बघून आले, दोनदा. खोलीला खिडकी आहे."

"त्यांच्याकडे दोनदा जाऊन आलीस. इथे दर रविवारी येऊन चहा प्यायलीस. तोंड उघडायला काय झालं होतं?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. तू रागावली असतीस, मी रागावले असते, आठ दिवस बोललो नसतो. मग तूच आली असतीस. इतकी वर्षं हेच करतोय ना आपण?"

चिमणी रडायला लागली. रडताना ती अजून पहिलीतल्यासारखीच दिसायची. खालचा ओठ पुढे, नाक लाल. बाईंचा हात तिच्याकडे जायला बघत होता. त्यांनी तो खुर्चीच्या दांड्याला धरून ठेवला.

"निवासाचं सोड. तुला काळजी वाटली, घाई झाली, समजले मी. पण मी तुला विचारलं होतं. समोर बसवून विचारलं, हे मी लिहिलं का. तेव्हा तुला माहीत होतं. मुठीत पाकीट धरून बसायचे ते तू बघत होतीस. तेव्हा तू मला काय म्हणालीस?"

"मी... मला वाटलं, की तू... मी म्हणाले..."

चिमणी अडली. तोंड उघडं, शब्द नाही. पुढचा शब्द बाईंना ठाऊक होता. एका श्वासात दिला असता तर पोरगी सुटली असती, बाईंच्या कुशीत येऊन पडली असती आणि सगळं निभावून गेलं असतं. बाईंनी तो शब्द दिला नाही. चिमणी वळली, जिना उतरून गेली. तिची पावलं दुसऱ्या मजल्यावर थोडी थांबली, हे बाईंनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी अर्जाच्या परवानग्या उघडून दिल्या.

"हिला पूर्ण काढायचं, की नुसतं वाचायला ठेवायचं?"

"वाचू दे. लिहिणं बंद."

बाईंनी सगळी उत्तरं पुन्हा लिहिली. भांडं, खिडकी, सोबत. गुडघ्याचं दुखणं मात्र होतं तेवढं सगळं लिहिलं, त्यात काही लपवलं नाही. आठवणीच्या प्रश्नापाशी त्या फार वेळ थांबल्या. मग लिहिलं, 'चांगली होती. हल्ली मला तिची भीती वाटायला लागली आहे.' नर्सबाई म्हणाल्या, हे कशाला लिहिता? बाई म्हणाल्या, खरं आहे म्हणून.

अर्ज पाठवल्यावर आठवड्याभरात महापालिकेतून तपासणीच्या बाई आल्या. हातात टॅब, पायात मळके बूट, जिना चढून घामाघूम. नातेवाईक हजर पाहिजे असा नियम, म्हणून चिमणी दारापाशी स्टुलावर बसली होती. दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या बोलत होत्या. पाणी हवं का, पंखा वाढवू का.

तपासणीच्या बाईंनी गॅस पाहिला, गोळ्यांचा डबा पाहिला, बाईंना चालवून पाहिलं. मग म्हणाल्या, "मी तीन शब्द सांगते. थोड्या वेळाने विचारीन. छत्री, पितळ, ससा."

एके काळी अख्खे अंक बाईंनी डोक्यात वागवले होते. आणि आता तीनच शब्द सांभाळायचे होते. इकडचे तिकडचे प्रश्न चालू असताना त्या आतल्या आत तेच घोकत राहिल्या. वेळ आली तेव्हा छत्री आली, ससा आला. मधलं काही येईना. बाईंनी डोळे मिटले. दारापाशी चिमणीचे ओठ हलायला लागले, आवाज न करता. बाईंनी डोळे उघडले, ते पाहिलं आणि मान खिडकीकडे फिरवली.

"पितळ," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या.

"छान. घरीच मदत पुरेशी आहे, असं मी लिहिते. आठवड्यातून तीन दिवस मदतनीस येईल, दवाखान्याची गाडीही मिळेल. निवासाची गरज नाही." तपासणीच्या बाईंनी टॅबवर काहीतरी दाबलं. "एकच रकाना राहिला. काही झालं तर आधी कुणाला कळवायचं?"

चिमणीने मान वर केली. आजवर शाळेच्या, दवाखान्याच्या, बँकेच्या प्रत्येक कागदावर या दोघी एकमेकींसाठी एकमेकींचंच नाव सांगत आल्या होत्या. त्यात विचार करण्यासारखं कधी काही नव्हतं.

"खालच्या मजल्यावर नर्सबाई राहतात," बाई म्हणाल्या. "त्यांना कळवा. फोन उचलला नाही तरी जिन्यातून हाक मारा, ऐकू जाईल त्यांना."

"नातं काय लिहू?"

"शेजार."

"आणि मी, मावशी?" चिमणीने अगदी हळू विचारलं.

"तू लांब जाणार ना गं." बाईंच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर चिमणीला बरं वाटलं असतं. "लांबच्या माणसाला सगळ्यात आधी कळवून काय होणार?"

तपासणीच्या बाईंनी या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "दुसरं नावही घालता येतं. घालू?"

बाईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. तपासणीच्या बाईंनी दुसऱ्या नावाची जागा कोरी ठेवली. मग त्यांनी टॅब मिटला, पाण्याचा पेला संपवला आणि सावकाश जिना उतरायला लागल्या.